उजवी पाकळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला ओळखणारे हे वाक्य वाचून हसतील. या माणसाच्या पोटात न सांगितलेलं काही उरलंय? डोंबिवलीत लग्न असो, मुंज असो, सोसायटीची पूजा असो, चार खुर्च्या गोल मांडलेल्या दिसल्या की मधोमध मी. माझे किस्से लोकांना पाठ आहेत. मी अडलो तर समोरचे पुढचं वाक्य पुरवतात. पण हे एक मागे राहिलं. आता बोलून बोलून दमलोय. घसा नाही, आतलं काहीतरी दमलंय.

माझं काम आधी सांगतो, कारण ते नसतं तर हे घडलं नसतं. मानपाड्याजवळ एका छोट्या कारखान्यात मी चुंबकांची विक्री बघतो. फ्रिजवर चिठ्ठी धरून ठेवणारे काळे ढब्बे चुंबक, ते गरीब चुलतभाऊ. आमचे चांदीसारखे चकचकीत, निओडिमियमचे. दुर्मीळ मृदा म्हणतात त्या जातीतले. नाव दुर्मीळ आणि वावर घरोघर. तुमच्या इअरफोनमध्ये ते आहेत, मोबाइलच्या स्पीकरमध्ये आहेत, बॅटरीच्या स्कूटरमध्ये आहेत. बायकांची पर्स टक्‌कन मिटते ना? तो टक्‌ आमचा. शर्टाच्या बटणाएवढा तुकडा, पण दोन एकमेकांना भिडले आणि मध्ये बोट सापडलं तर आई आठवते.

मी ते खिशात घेऊन फिरायचो. टेबलाखालून हात फिरवून वरचं नाणं चालवायचो. तांब्याच्या नळीत चुंबक सोडायचो, तो पिसासारखा सावकाश उतरायचा आणि पोरं किंचाळायची. काय दिवस होते! सगळी माणसं माझ्या हाताकडे बघायची आणि कुणालाही काही दिसायचं नाही.

विषय टाळतोय का मी? हो. टाळतोय.

आमचं मूळ गाव कोकणात. देव्हाऱ्यात गावदेवाचा पितळी मुखवटा, पातळ पत्र्याचा, मागून पोकळ. मोठा निर्णय असला की आई त्याला कौल लावायची. म्हणजे देवाच्या दोन्ही गालांवर पाण्याने एकेक पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वडील गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द हा असा पाकळीवर येऊन थांबायचा.

मंजू माझी धाकटी बहीण. बँकेत नोकरीला, पस्तिशीला टेकलेली, लग्न नको म्हणणारी. आणि एक दिवस ती नेल्सनला घरी घेऊन आली. तिच्याच बँकेतला, वर्तकनगरला राहणारा, मूळ वसईकडच्या कॅथलिक शेतकरी घरातला. येताना केळ्यांची फणी आणायचा. आईच्या चहाचा घोट घेऊन म्हणायचा, ‘‘आई, हा चहा आहे की काढा?’’ आणि आई, जिला माझे विनोद ऐकून जांभई यायची, ती पदर तोंडाला लावून हसायची. तुम्हाला वाटेल, आईला धर्म आडवा आला. नाही. तिला तो आवडला होता. भीती होती ती गावच्या भावकीची.

‘‘देवाला विचारते,’’ ती म्हणाली. ‘‘त्याने एकदा हो म्हटलं की मग कुणाच्या बापाला भीत नाही मी.’’

मंजू हसली. ‘‘विचार गं. तुझा देव माझ्या पार्टीतला आहे.’’ आणि देव म्हणेल ते ऐकेन असा शब्दही देऊन बसली.

मला नेल्सन आवडायचा का? खूप. मग?

मग हे, की आईचा हात थरथरायला लागला होता. कंपवात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हे हळूहळू वाढत जाणार, पुढे भरवावंसुद्धा लागेल. आम्ही तेव्हा ठाण्यात नवा फ्लॅट घेत होतो. मी, बायको, मुलगी. मंजू घरात असेपर्यंत आई तिच्याकडे. मंजू गेली की आई माझ्याकडे. बस, एवढंच. आई मला नको होती असं नाही... नाही, थांबा, सरळ लिहितो. मला आईचं करायचं नव्हतं. आणि हे तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती.

आईचा हात हलायचा म्हणून त्या वर्षापासून पाकळ्या मीच लावायचो. फुलंही मीच आणायचो, सोसायटीतल्या चाफ्याची. चाफ्याची पाकळी जाड असते. स्टेपलरच्या पिनेचा तुकडा तिच्या आत सहज सरकतो, बाहेरून काही दिसत नाही. आणि मुखवट्याच्या मागे, उजव्या गालाच्या जागी, मी एक चुंबक मेणाने बसवला. पितळेला चुंबक ओढत नाही, पण पितळेतून पलीकडच्या लोखंडाला छान ओढतो. उजवी पाकळी पडणारच नव्हती. डावी सुकेल तेव्हा पडेल. वाट बघायची, एवढंच काम.

डावी पडली.

आई बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘परत लाव रे. नीट भिजली नसेल.’’

मी परत लावली. पिन घातलेल्या पाकळ्या मी जास्तीच्या करून ठेवल्या होत्या. याचा अर्थ लक्षात येतोय ना? आई पुन्हा विचारणार हे मला आधीच ठाऊक होतं. तिला होकारच हवा होता, हे माहीत असूनच मी तयारी केली होती.

पुन्हा डावी पडली. तिसऱ्यांदा आईने जमिनीला डोकं टेकलं आणि म्हणाली, ‘‘देवा, माझं राहू दे, पोरीचं बघ.’’ मी शेजारीच बसलो होतो. हात लांब करून ती पाकळी काढता आली असती. ‘आई, ही खराब आहे, दुसरी लावतो,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

डावी पडली. मंजू उठली, म्हणाली, ‘‘ठीक आहे आई, शब्द दिला होता मी,’’ आणि आत जाऊन कुकर लावला.

नेल्सन बरेच दिवस थांबला. मग त्याचं लग्न झालं.

पुढची सगळी वर्षं मंजूने आईचं केलं. भरवणं, आंघोळ, रात्रीची जागरणं. मी रविवारी ठाण्याहून जायचो आणि दोघींना हसवायचो. आईला ब्लाउजचे हुक लावता येईनात, तेव्हा मी हुकांच्या जागी छोटे चुंबक शिवून घेतले. जवळ नेलं की आपोआप मिटायचे. नातेवाईक म्हणाले, मुलगा असावा तर असा. मी ते कौतुक घेतलं. आईने त्या दिवसानंतर कौल कधी लावला नाही. पूजा करायची, पण देवाशी अबोला धरल्यासारखी. आणि मंजूची माफी मागायची, ‘‘माझ्या देवाने तुझं वाटोळं केलं गं.’’ माझ्यादेखत मागायची. मग आई गेली.

इथे संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मी किस्से सांगणारा माणूस. कौलाचा मी किस्सा केला. तीनदा विचारलं आणि तीनदा डावी पडली, देवापुढे कुणाचं चालतं! माझ्या बाकीच्या किश्श्यांना लोक हसतात. या एकाला हात जोडतात. ते जोडलेले हात मला आवडायला लागले, हेही सांगून टाकतो.

परवा कल्याणला एका हॉलमध्ये माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. मुलगा तिने स्वतः निवडला. कुणी कौल लावला नाही. जेवणं झाल्यावर व्याह्यांकडचं कुणीतरी म्हणालं, ‘‘काका, तो कौलाचा किस्सा होऊन जाऊ दे!’’ समोर मंजू बसली होती, हातात आइस्क्रीमची वाटी. नाही म्हणता आलं असतं. मी सुरुवात केली. आई डोकं टेकते तिथपर्यंत आलो आणि अडकलो.

‘‘देवा, माझं राहू दे, पोरीचं बघ,’’ मंजू म्हणाली. ‘‘असं म्हणाली आई. विसरलास काय दादा?’’

मी मान हलवली. मग नेहमीसारखा थांबलो, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणालो, ‘‘आणि तिसऱ्यांदाही... डावी.’’

लोकांनी हात जोडले. मंजूने वाटी खाली ठेवली आणि तिनेही जोडले.