निळीबाई

निवृत्तीनंतर नर्सबाईंनी घरी बसून नातवाला खेळवावं, अशी घरच्यांची अपेक्षा होती. पण साथ आली आणि इस्पितळाने त्यांना परत बोलावलं. ॲम्ब्युलन्सवाले, स्वयंसेवक, सगळ्यांना संसर्गापासून जपायला शिकवायचं होतं.

त्यांची रीत साधी. हातमोज्यांना कपड्यांची नीळ फासायची आणि मग मोजे, झगा, मास्क एकेक उतरवायला लावायचं. अंगावर निळा ठिपका दिसला की नापास. "रोग घालताना नाही, काढताना चिकटतो," त्या म्हणत. पाठीमागे सगळे त्यांना निळीबाई म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं.

आज रांगेत त्यांची सून होती. पास झाली तर उद्यापासून वॉर्डात. सकाळीच मुलगा कुजबुजला होता, "आई, तिला नापास कर ना. पिल्लू केवढंसं आहे!" बाई हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या.

सुनेने मोजे उलटे करत काढले, हात धुतले, झगा आतून बाहेर गुंडाळला. मास्क काढताना केसांची बट डोळ्यांवर आली. शेजारच्या मुलीच्या मोज्यांना नीळ लावता लावता बाईंनी सुनेची ती बट सवयीने कानामागे सारली, घरी सारत तशी.

"बाई, कानामागे निळं!" रांगेतला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर ओरडला. "घरचंच माणूस गेलं की कामातून!"

हशा पिकला. सुनेचा चेहरा पडला. "मी कानाला हातसुद्धा लावला नाही, आई." मग हळूच, "घरीच बसवायचंय ना मला?"

बाईंनी आपला अंगठा पाहिला. निळाशार. हात आपोआप खिशात गेला. गप्प राहिलं की झालं. मुलगा खूश, पिल्लू आईच्या कुशीत.

सून कान चोळत उभी होती.

बाईंनी हात बाहेर काढून सगळ्यांसमोर धरला. "डाग माझा आहे. ती पास. आणि नीट बघून ठेवा, कितीही माया आली तरी असा हात लावायचा नाही."

"म्हणजे बाई नापास?" ड्रायव्हर हसला.

"नापास. दात काढू नकोस, पुढचा नंबर तुझा आहे."

सुट्टीत नळापाशी सून एकटी दिसली. बाई तिच्या कानामागचं निळं पुसायला पुढे झाल्या. ती मागे सरकली.

"आधी हात धुवा, आई."

बाईंनी साबण घेतला.

"घरी काय सांगायचं?" सुनेने विचारलं.

"सासूने पास केलं म्हणून सांग."

"चिडतील."

"चिडू दे. उद्यापासून पिल्लाला तोच झोपवेल. मी शिकवते त्याला," बाई अंगठा घासत म्हणाल्या.