गिटारची घूं

सर्व संबंधितांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत लालबागच्या एका सभेत मुंबईच्या मागणीच्या पोवाड्याबरोबर जो ‘घूंऽऽ’ असा अखंड आवाज उमटला, ते सरकारी कारस्थान नव्हते. तो उद्योग माझा होता. आता पन्नाशी आली, कोणी अंगावर धावून येईलसे वाटत नाही, म्हणून कबुली देतो.

आमच्या चाळीत माझा एक जिवलग मित्र होता. गिरणीत कामाला, आणि घरी आला की मांडीवर हवाईयन गिटार आडवी घेऊन बसायचा. तारांवरून पोलादी कांडी अशी सरकवायचा की गॅलरीतल्या बायका तांदूळ निवडायच्या थांबत. त्याला एकच ध्यास होता, चाळीच्या कलापथकात शिरायचं. पण पथकात ढोलकी, झांज आणि आमच्या शाहिरांचा गळा. त्या गदारोळात गिटार कोणाला ऐकू येणार?

शाहीर म्हणाले, “तुझं ते वाद्य ढोलकीच्या वर वाजव. एक सभा देतो. नाही जमलं, तर परत दारात यायचं नाही.”

मी गिरगावात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होतो, म्हणजे स्वतःला विजेचा विश्वकर्मा समजत होतो. म्हटलं, “काळजी सोड. तुझी गिटार परळपर्यंत ऐकू जाईल.” एका मोडक्या रेडिओच्या पोटातून ॲम्प्लिफायर काढला, जुन्या इअरफोनमधलं लोहचुंबक त्याच्या वेटोळ्यासकट गिटारच्या तारांखाली बसवलं. वर आणखी एक चैन केली. वाजवताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पायाने आवाज कमीजास्त करायला पत्र्याची एक पट्टी बनवली. दाबली की आवाज चढायचा, सोडली की उतरायचा. पट्टी बघून मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

“हे काय रे?” मित्र म्हणाला. “मी अजून हातसुद्धा लावला नाही!”

आठ दिवस आम्ही त्या घूंच्या मागे लागलो. प्रथम ट्रान्सफॉर्मर गिटारच्या वायरीपासून लांब नेऊन आडवा बसवला; घूं थोडी नरमली. मग ॲम्प्लिफायरच्या काचेच्या व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींना पिळून घ्यायच्या होत्या. ते काम माझ्या वहिनीकडे दिलं.

“भावजी, दोनच पेड? याला वेणी नाही म्हणत,” ती म्हणाली, पण पीळ असा घातला की आमच्या दुकानात कोणाला जमला नसता. घूं आणखी उतरली. त्यानंतर गिटारच्या वायरीला चांदीचा कागद गुंडाळायचा होता. तो मिळतो सिगारेटच्या पाकिटात. मित्राने इराण्याकडून रिकामी पाकिटं गोळा केली, खिशात भरून घरी नेली, आणि त्याच्या आईने त्याला लाटणं घेऊन गॅलरीभर फिरवला. “आई, वायरीसाठी आहेत गं!” असं तो ओरडत होता आणि शेजारच्या मावशी म्हणत होत्या, “बघा, आता थापाही मारायला लागला.”

एवढं करून घूं जवळजवळ गेली. फक्त एक गंमत उरली. मित्राने पट्टीवर पाय ठेवला की सारं शांत, पाय उचलला की घूं. मी गंभीरपणे निकाल दिला, “म्हणजे दोष यंत्रात नाही, तुझ्या सवयीत आहे. पाय उचलायचाच नाही.” खोलीत आम्ही सगळे अनवाणी, चपला दाराबाहेर, त्यामुळे ह्यापलीकडे विचार करायची गरज कोणाला वाटली नाही.

सभेचा दिवस उजाडला. चाळीच्या चौकात लाकडी पलंग जोडून व्यासपीठ केलेलं, तिन्ही बाजूंच्या गॅलऱ्या भरलेल्या. मित्र पायजम्यात आला. मी हबकलो. असलं साहेबी वाद्य आणि पायांत कोल्हापुरी? मी धावत जाऊन माझ्या दादाचे ऑफिसचे बूट-मोजे आणले, मित्राला चढवले आणि नाड्यांना स्वतः दुहेरी गाठ मारली. तो ऐटीत बसला, बूट पट्टीवर दाबला, आणि शाहिरांनी डफावर पहिली थाप मारली.

घूंऽऽऽऽ!

“गिरणीचा भोंगा झाला रे!” मागून कोणीतरी ओरडलं. “चला, पाळी सुटली!”

चौक हसू लागला. शाहिरांनी गाता गाता मित्राकडे डोळे वटारले. मी व्यासपीठाखाली शिरलो. चांदी तपासली, व्हॉल्व्ह दाबून पाहिले, घूं तशीच. वर येऊन पट्टी सरळ करायला तिला हात लावला आणि आवाज गप्प. हात काढला, घूं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पट्टीला पाय नको होता, कातडी हवी होती! पत्र्याला जमिनीत जाणारी अर्थिंगची वायर जोडायची मी विसरलो होतो आणि आठ दिवस ते काम मित्राचा उघडा तळवा करत होता.

“बूट काढ!” मी ओरडलो.

“नाही काढणार!”

“अरे, का?”

“तू काढूच नको! हात जोडतो!”

मी ऐकतोय थोडाच! माझीच गाठ मी दातांनी सोडवली आणि बूट ओढला. तेव्हा कळलं तो का गयावया करत होता ते. दादाच्या मोज्यातून मित्राचा अंगठा अख्खा बाहेर आला होता. पहिल्या गॅलरीत खसखस पिकली. लाजेने मित्राने पाय खाली दाबला, उघडा अंगठा पत्र्याला टेकला, आणि घूं अशी गेली जणू कधी नव्हतीच. गिटारचा सूर उठला, ढोलकीच्या वर गेला आणि चौकावर पसरला. हसणारे ताल धरू लागले. शाहिरांनी दुसरं कडवं त्या सुराच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं.

पोवाडा संपला, टाळ्या झाल्या. शाहीर मित्राच्या पायाकडे टक लावून पाहत होते, आणि समोरचा माईक चालू आहे हे विसरून ओरडले,

“तो मोजा शिवू नको रे! उद्या तालमीला हाच घालून ये!”