पाठ न उघडणारा भुंगेरा

मी हट्टी आहे हे घरात सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. मला ते एका काळ्या भुंगेऱ्यामुळे कळलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी चंद्रपूरला एम.फिल. करत होते. विषय होता जमिनीवर पळणारे भुंगेरे. बाबा म्हणायचे, "दुनियेत तुले किडेच सापडले का?" पण माझा किडा देखणा होता. करंगळीपेक्षा थोडा कमी लांब, काळाकुळकुळीत, पाठीवर चार आणि मानेच्या ढालीवर दोन पांढरे ठिपके. भुंगेऱ्यांच्या पाठीवर दोन कडक झाकणं असतात आणि त्यांच्याखाली घडी घातलेले पंख. याची झाकणं मधल्या रेषेवर चिकटून एकच झालेली. मी ब्लेडनं ती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आत पंखच नव्हते. उडण्याचा नाद याने कधीच सोडला होता. त्याबदली लांब पाय, कात्रीसारखे जबडे आणि शेपटाकडून उडणारी आम्लाची पिचकारी. ती बोटांवर पडली की कातडी जळते आणि तपकिरी डाग कितीतरी दिवस जात नाही.

पहिल्या महिन्यात मी त्याला चुकीच्या कुळात टाकलं. दिसायला असेच काळे, न उडणारे भुंगेरे आणखी एका कुळात असतात. माझ्या गाइड सरांनी वही परत केली आणि एवढंच म्हणाले, "मागच्या पावलाची पेरं मोजा." त्या दुसऱ्या कुळात मागच्या पावलाला चार पेरं असतात, याला पाच निघाली. शिवाय मागच्या पायाचं मूळ पोटाचा पहिला पट्टा कापत गेलेलं, म्हणजे हा जमिनीवरच्या शिकारी भुंगेऱ्यांतलाच. मला स्वतःचाच इतका राग आला की पुढे प्रत्येक किड्याच्या सहाही पावलांची पेरं मी मोजली.

सिंदेवाहीच्या पुढे एक जुना मालगुजारी तलाव आहे, पूर्वीच्या जमीनदारांनी बांध घालून केलेला. त्याच्या मधोमध झुडपांनी भरलेला उंचवटा, भर उन्हाळ्यातही चारी बाजूंनी पाणी. तलावाच्या पाळीवर, म्हणजे त्या बांधावर, आणि मागच्या जंगलात माझा भुंगेरा भरपूर होता. तो बेटावरही सापडला, तर तो उडून आलेला असणार नाही. तलाव बांधला तेव्हाच पाण्यानं वेढला गेलेला, तेव्हापासून तिथेच पिढ्या काढणारा तो असणार. माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण या एका गोष्टीवर उभं राहणार होतं.

बेटावर मला डोंग्यातून नेणारी बाई मासेमारी करणाऱ्या घरातली, माझ्या आईच्या वयाची. मी चहाचे प्लास्टिकचे ग्लास काठापर्यंत जमिनीत पुरायची आणि त्यांत मिठाचं पाणी ओतायची. पळता पळता भुंगेरा आत पडतो, त्याला बाहेर येता येत नाही. आठवड्यानं जाऊन पाहायचं. पहिला आठवडा रिकामा, दुसराही रिकामा. बाई वल्हवता वल्हवता माझं उतरलेलं तोंड बघत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात ग्लासांत भुंगेरे! चौथ्यात, पाचव्यातही. मी बेटावर अक्षरशः नाचले. प्रकरण लिहायला घेतलं, सरांना दाखवलं, सर पहिल्यांदा हसले.

मग एका सकाळी डोंगा काठाला लावताना बाईच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. तपकिरी डाग, थेट माझ्या बोटांवर होते तसेच.

"बाई, हे काऊन झालं?"

"तुया किड्यायनंच केलं," ती सहज म्हणाली. "पाळीवरून वेचून तुया गिलासांत टाकून राह्यली ना. तू रिकामी जाऊन राह्यली होती, मले पाहवे नाई."

त्यांच्याकडे तशी रीतच होती. कुणाच्या जाळ्यात काही आलं नाही, तर बाकीचे आपापल्यातला एकेक मासा त्याच्या टोपलीत टाकत. तलावावरून कुणी रिकाम्या हातानं घरी जायचं नाही. माझ्या टोपलीत तिनं बोटं भाजून घेत भुंगेरे टाकले होते.

मी तिच्यावर ओरडले. आजही त्याची लाज वाटते. तिला कळेना, पोर रागावली कशाला. सिंदेवाहीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले.

सरांना मीच सांगितलं. त्यांनी प्रकरणाचे कागद माझ्यासमोर ठेवले. मग म्हणाले, "आता?"

"पुढच्या पावसाळ्यात पुन्हा," मी म्हटलं आणि लिहिलेलं प्रकरण त्यांच्यासमोरच फाडलं. बाबांनी माझ्यासाठी कुरखेड्याकडे शाळेतली नोकरी बघून ठेवली होती, ती गेली. घरी आठवडाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही. बोलू नका म्हटलं, मला हे खरं करायचंय.

दुसऱ्या वर्षी आधी बाईची माफी मागितली. मग तिला समजावलं की बेटावर काहीच नसलं तरी मला तेच हवंय, फक्त कुणी हात लावायचा नाही. तिनं मान डोलवली. संपूर्ण पावसाळा ती डोंग्यातच बसून राहिली, बेटावर पाय ठेवला नाही. पाळीवर पुरलेले ग्लास दर खेपेला भरत. बेटावरचे रिकामेच. मी दर खेपेला वहीत शून्य लिहायची आणि ती माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघायची.

शेवटच्या फेरीला मी सगळे ग्लास उपटून पिशवीत भरले. भुंगेरा बेटावर नव्हता. पूर्वी कधी असलाच तर संपून गेला होता, आणि पंख नाहीत म्हणून काठावरून पुन्हा येऊ शकला नव्हता. एवढंसं पाणी त्याला पुरून उरलं. माझं प्रकरण उलटं झालं होतं, पण खरं होतं. मला हायसं वाटलं.

काठावर उतरताना बाईनं डोंग्याच्या तळातून केळीच्या पानात गुंडाळलेला मासा काढला. माझ्या पिशवीवर तो धरला आणि थांबली.

"पोरी," तिनं विचारलं, "हा तं टाकू देशीन ना?"