मामांचं ‘आयकलं’

“भाईर पळा! सोडा ते, भाईर पळा!” मामा बेंबीच्या देठापासून ओरडत होते. तेरखेड्यात त्यांच्या फटाक्यांच्या शेडमध्ये मी सुतळी बॉम्ब वळायला बसायचो. कुण्या शहाण्यानं दारू गोणपाटाऐवजी उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळत घातली होती. मी दारातून उडी मारली की स्फोटानंच मला भिरकावलं, देव जाणे. पण शपथेवर सांगतो, त्या दणक्यानं येरमाळ्यापर्यंतच्या म्हशींनी आठवडाभर थेट दहीच दिलं.

मग काहीच नाही. आवाज नाही. नुसता पांढरा धूर.

आमच्याकडं एक रिवाज होता. धुरात कोण सुटलं, कोण अडकलं दिसत नाही, म्हणून ज्यानं त्यानं शेडसमोरच्या लिंबाखाली येऊन “हाय!” म्हणून ओरडायचं. मामा “आयकलं!” म्हणायचे. मामांचं “आयकलं” येईपर्यंत माणूस आतच आहे असं धरायचं.

मी लिंबाखाली जाऊन ओरडलो. माझं मलाच ऐकू आलं नाही. “मामा, म्या हाय!” मामा समोरच होते. तोंड उघडं, नजर माझ्या आरपार जळत्या शेडवर.

आपण आहोत हे आपलं आपल्याला कळतंच, त्यात दुसऱ्याला काय विचारायचं, असं मी आजवर धरून चाललो होतो. आता कळतही होतं आणि खात्रीही नव्हती. अंगभर ॲल्युमिनियमची पावडर, हात चांदीचे, चिमटा काढला तर कातडी बधिर. मेलेल्याला तरी आपण मेलो हे कोण सांगतं?

तेवढ्यात शेजारच्या शेडमधून, कागदाच्या नळ्या टाकून, माझी बायको धावत आली आणि शेडकडं बघून ऊर बडवायला लागली. माझ्यासाठी. मी तिच्या अगदी शेजारी उभा. “अगं, हाय की!” ती माझ्याकडं बघेनाच. झालं, म्हटलं, हेच ते. असंच असतं. मी तिचा हात घट्ट धरला.

परक्या माणसानं हात धरला म्हणून तिनं अशी थोबाडीत दिली की दिवसा नक्षत्रं मोजली. तिच्या तळव्याला चांदी लागली, माझ्या गालाचा काळा रंग उघडा पडला, आणि ती मटकन खाली बसली.

कान संध्याकाळी उघडले तेव्हा उलगडा झाला: लिंबाखाली सगळेच सुखरूप, सगळेच “हाय” ओरडत होते, आणि मामांसकट सगळेच बहिरे झाले होते.

पण माझी शंका काही जाईना. चुलीपाशी बसून मी बायकोला विचारलं, “खरं सांग, ती थोबाडीत द्यायच्या आधी, तुझ्यालेखी म्या होतो का न्हवतो?”

“न्हवता,” ती म्हणाली. “भाकरी किती टाकू?”