शांताबाई दाराशी बसतात

आमच्या वस्तीने बंद पडलेली धर्मशाळा दुरुस्त करून फुटपाथवर राहणाऱ्या बारा जणांना कायमच्या खोल्या दिल्या. शनिवारी तिथे गेलो, तर शांताबाई तिथे राहणाऱ्या रघुनाथच्या बंद दारासमोर फरशीवर बसलेल्या. कित्येक वर्षं बसस्टँडवर झोपलेल्या या बाई आता धर्मशाळेच्या समितीच्या प्रमुख आहेत. रघुनाथ पुन्हा प्यायला लागला होता आणि दोन दिवस दार उघडत नव्हता.

"काढा त्याला," शेजारच्या खोलीतला माणूस वैतागून म्हणाला.

"काढायचं नाही. तो परत स्टँडवर जाईल, आणि तिथे काय होतं ते मी पाहिलंय." मग शांताबाई दाराकडे वळून म्हणाल्या, "रघुनाथ, खोली तुझीच आहे. मी इथेच बसलेय."

बारावीत नापास झाल्यावर मीही दोन दिवस दार लावून बसलो होतो. आई ताट दाराशी ठेवून जायची. मला घराबाहेर काढायचा विचार कुणाच्या मनाला शिवलाही नव्हता. ते केवढं मोठं होतं, हे मला इथे उभं राहिल्यावर कळलं.

तासाभराने दार किलकिलं झालं. "अजून बसलात?" रघुनाथने विचारलं.

शांताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चपला घाल," त्या म्हणाल्या, "दवाखाना एकला बंद होतो."