शंभरावा कप्पा

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कितीतरी अनोळखी माणसांच्या अंगात माझ्या थोरल्या साडूंचं रक्त खेळतंय, आणि हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाहीये. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, डोंबिवलीजवळ कोपरला राहतात, एका कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेत, अंगानं काडीपैलवान आहेत आणि वयाच्या विसाव्या वर्षापासून रक्तदान करत आलेत. त्यांचा गट ओ निगेटिव्ह. हे रक्त अडीअडचणीला कुणालाही चालतं, पण या गटाच्या माणसाला दुसरं कुठलंच चालत नाही, ही माहिती ते पहिल्या भेटीतच देतात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, रक्तगट राहतात. माझा गट एबी पॉझिटिव्ह, म्हणजे सगळ्यांकडून घेऊ शकणारा. माझ्या लग्नात हे कळल्यावर त्यांनी भर मांडवात जाहीर केलं, "जावयाला याहून शोभणारा गट नाही!" तेव्हापासून मी ठाण्याहून त्यांच्या दारात उभा राहिलो की आत हाक जाते, "अगं, एबी पॉझिटिव्ह आलेत, चहा टाक." भाचीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पगाराच्या आधी रक्तगट विचारला होता. मुलगा बिचारा "घरी विचारून सांगतो" म्हणाला. लग्न झालं, जावई सोन्यासारखा निघाला, पण भाऊजी अजून त्याचा उल्लेख "ते विचारून सांगतो" असाच करतात.

हिमोग्लोबिन हे त्यांचं कुलदैवत. बाळंतिणीसाठी करतात ते अळिवाचे लाडू त्यांच्या घरी बारमाही असतात आणि ते एकटे खातात. बीट त्यांना मनापासून आवडत नाही, म्हणून ते डोळे मिटून, औषधासारखं गिळतात. जेवताना फोन आला आणि कल्याणच्या कुठल्या दवाखान्यात ओ निगेटिव्ह हवंय असं कळलं, की हा माणूस श्रीखंडाचं बोट चाटून उठलाच. ताई, म्हणजे माझी मेहुणी, त्यांच्या ताटावर झाकण ठेवते. त्या झाकणाला घरात 'रक्ताचं झाकण' म्हणतात. आणि सगळ्यात जिवापाड जपलेली वस्तू म्हणजे शंभर कप्प्यांची एक फाइल. प्रत्येक रक्तदानाचं प्रमाणपत्र एकेका कप्प्यात. पासष्टीनंतर रक्त घेत नाहीत, त्याच्या आत शंभरावा कप्पा भरायचा, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. चौसष्ट संपायला आठ-नऊ महिने राहिलेले, आणि कप्पे भरलेले अठ्ठ्याण्णव.

नेमका तेव्हाच तो त्रास सुरू झाला. भाऊजी आमच्याकडे आले की आधी चप्पल काढायचे, मग पाणी मागायचे. आता चप्पल पायात असतानाच त्यांची नजर बाथरूमचं दार शोधू लागली. आत गेले की लवकर बाहेर येईनात. डोंबिवलीहून कल्याणला रिक्षानं निघालो तेव्हा त्यांनी दोनदा रिक्षा थांबवली आणि दोन्ही वेळा "कलिंगड जरा जास्त झालं" म्हणाले. तेव्हा दिवाळी होती. शेवटी ताईनं त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं, मलाही सोबत घेतलं. सोनोग्राफी झाली. प्रोस्टेटची ग्रंथी चांगलीच वाढलेली, बाकी घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी एक कॅप्सूल लिहून दिली. "यात दोन औषधं एकत्र आहेत," ते म्हणाले. "एक तिथले स्नायू सैल करतं, त्यानं थोड्याच दिवसांत आराम पडेल. दुसरं ग्रंथी हळूहळू लहान करतं, त्याला मात्र सहा महिने द्यायचे. आणि घरात गरोदर बाई असेल तर तिला ही कॅप्सूल हाताळू देऊ नका. पोटातल्या मुलाला अपाय होऊ शकतो."

भाऊजींचा चेहरा पडला. त्यांची सून गरोदर होती म्हणून नव्हे. ती बातमी आम्हाला अजून कळायची होती. "म्हणजे हे औषध रक्तात उतरतं?" त्यांनी विचारलं. "उतरतं." "मग रक्तदान?" डॉक्टर म्हणाले, "औषध चालू असेपर्यंत नाही. बंद केलं तरी पुढे सहा महिने नाही." भाऊजींनी घासाघीस सुरू केली. "मग नुसतं ते सैल करणारं द्या. दुसऱ्याचं पुढच्या वर्षी बघू." पण ग्रंथी मोठी होती, दोन्ही लागणार होती, डॉक्टर बधले नाहीत. भाऊजींनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि "आजच घेतो" म्हणाले.

घेतली नाही. सगळ्यांना मात्र "आता बरंच बरं आहे" असं सांगत त्यांनी ठरल्या तारखेला नव्व्याण्णवावं रक्तदान केलं आणि फॉर्मवर 'औषध चालू नाही' असं अगदी खरं लिहिलं. त्यानंतर महिन्याभरात एका रविवारी ते आमच्याकडे ठाण्याला जेवायला आले असताना लघवी पूर्ण बंद झाली. तो माणूस पोट धरून कण्हत होता आणि तशातही रिक्षावाल्याला रक्तगट विचारत होता. हॉस्पिटलात नळी लागली तेव्हा कुठे जिवात जीव आला. ताई त्यांचे जुने कागद आणायला घरी गेली आणि फाइलच्या मागच्या खणात तिला ती चिठ्ठी सापडली. घडी जशीच्या तशी. ताईला रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. "सगळ्या गावाला रक्त वाटत फिरलात, आणि मला साधं खरं सांगता आलं नाही?" भाऊजी बारीक आवाजात म्हणाले, "दोनच महिने राहिलेत गं. एकच कप्पा." "मग ही नळी लावून जाणार आहात का शिबिराला?" त्या संध्याकाळी त्यांनी पहिली कॅप्सूल घेतली, आणि ती घेताना बीट गिळताना मिटतात तसे डोळे मिटले. काही दिवसांनी नळी निघाली आणि पाणी पुन्हा वाहतं झालं.

इकडे कोपरच्या मंडळानं त्यांच्या पासष्टीच्या आदल्या रविवारी शिबिर ठेवलं होतं. भाऊजींनी मंडळात कुणाला काही सांगितलंच नव्हतं. आम्ही गेलो तर समोर भला मोठा बॅनर, 'रक्तदानातील शतकवीर', आणि त्यावर भाऊजी हात जोडून. मंडळाच्या सेक्रेटरीला त्यांनी बाजूला घेऊन औषधाचं सांगितलं. तो पस्तिशीतला गडी, घाम पुसत म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. औषधाच्या रकान्यात नाही लिहा ना. कोण विचारतंय? एका बाटलीनं काय होतंय?"

मी भाऊजींकडे बघत होतो. चव्वेचाळीस वर्षांचा हट्ट फक्त एका शब्दावर येऊन थांबला होता आणि पेन त्यांच्याच हातात होतं. खरं सांगतो, त्यांनी तो शब्द लिहिला असता तर मी कुणाला सांगितलं नसतं.

"माझी बाटली कुणाला जाते, ठाऊक आहे?" ते म्हणाले. "पोटुशी बाई तातडीनं आली, रक्तगट बघायलाही वेळ नसला, की ओ निगेटिव्ह काढतात. तिच्या पोटातल्या बाळाला काय तुझा बॅनर दाखवू?" आणि त्यांनी रकान्यात कॅप्सूलचं नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. मग माइक मागून घेतला. बायाबापड्या, पुढारी, सगळे समोर बसलेले. या गृहस्थांनी आपल्या प्रोस्टेटची हकिकत पहिल्यापासून सांगितली. कलिंगडाचं खोटं, खणातली चिठ्ठी, नळी, काही म्हणता काही वगळलं नाही. "मी लाजलो नाही, मी हावरेपणा केला," ते म्हणाले. "तुम्ही दोन्ही करू नका. त्रास असेल तर दाखवा. आणि ज्यांना रक्त देता येतंय त्यांनी आता उठा." टाळ्या पडल्या तेव्हा माझी छाती अशी फुगली की जणू तो बॅनर माझाच होता. सुईला घाबरून चौपन्न वर्षं काढलेला मी, त्या भरात जाऊन खाटेवर आडवा झालो. भाऊजी उशाशी बसले. "एबी पॉझिटिव्ह, आज तुम्ही जावईपण सोडलंत," एवढंच म्हणाले. मंडपाबाहेर चार-पाच वयस्क गृहस्थ त्यांना गाठून हळू आवाजात डॉक्टरांचा पत्ता विचारत होते.

आता सहा महिने उलटून गेलेत. कॅप्सूलनं गुण दिलाय. अचानक उठलं की चक्कर येते म्हणून भाऊजी खुर्चीतून तीन हप्त्यांत उठतात. सुनेपायी कॅप्सूल कडीकुलपात ठेवायची लागलेली सवय नातू झाल्यावरही सुटलेली नाही. फाइलच्या शंभराव्या कप्प्यात त्यांनी ती घडी पडलेली चिठ्ठी ठेवलीय. कुणी फाइल बघायला मागितली की तिथपर्यंत आवर्जून उलटून दाखवतात.

परवा मी जेवायला होतो तेव्हा फोन वाजला. कल्याणहून होता. भाऊजी सवयीनं एकदम उठायला गेले, मध्येच थांबले आणि खाली बसले. "मी नाही आता," ते फोनवर म्हणाले. त्यांना असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग वही काढून त्यांनी दुसऱ्या एका ओ निगेटिव्हला फोन लावला, तो निघतो म्हणाला, तरी ते तीन हप्त्यांत उठून चपला शोधू लागले. मी म्हटलं, "भाऊजी, तो जातोय ना? तुम्ही कशाला?"

"त्याची पहिलीच वेळ आहे," ते म्हणाले. "उशाशी कुणीतरी बसायला हवं."

ताईनं त्यांच्या ताटावर झाकण ठेवलं.