थोरल्या काकूची रेघ

आमच्या बंदराचा इतिहास दोन ठिकाणी होता. एक बंदर कचेरीच्या कपाटात आणि दुसरा थोरल्या काकूच्या भिंतीवर. कपाटातला वाळवीनं खाल्ला. भिंतीवरचा मात्र बाळसं धरत गेला.

काकू गोदीत फाटकी पोती शिवायची. हातात दाभण आणि तोंडात गोष्ट, दोन्ही सारखीच चालायची. गोदीमागच्या गल्लीत तिची तळमजल्यावरची खोली. चाळीस वर्षांपूर्वी एका वादळात समुद्र त्या गल्लीत शिरला होता. पाणी कुठवर चढलं, ते दाखवायला काकूनं दारामागच्या भिंतीवर निळ्या रंगाची रेघ ओढली होती. खोलीला रंग दिला की रेघ झाकली जायची, मग काकू ती पुन्हा ओढायची. अंदाजानं. तिचा अंदाज कधी खाली आला नाही. मी लहान असताना रेघ तिच्या कमरेच्या जरा वर होती, माझ्या लग्नात खांद्याला लागली आणि आता हनुवटीला टेकली होती. पाणी ओसरून चाळीस वर्षं झाली, तरी आमच्या घरात ते चढतच होतं.

शाळांच्या सहली रेघ बघायला यायच्या. "इथवर पाणी! अन् मी डोक्यावर ट्रंक घेऊन उभी!" काकू सांगायची आणि मास्तर वहीत उतरवून घ्यायचे. एकानं तर ते बंदरावरच्या पुस्तकात छापलंही. शेजारच्या खोलीतली धाकटी काकू, म्हणजे तिची जाऊ, तेवढ्यात उठून आत जायची. तिचा नवरा बंदराच्या लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. तिचं बोलणं मोजकं. जावाजावांचा जळफळाट, दुसरं काय, असं आम्ही समजायचो.

मग एक दिवस बंदर खात्याचा सर्वेअर टेप घेऊन आला. जुने कागद गेलेले, त्यामुळे खात्यानं काकूची रेघच पुरावा मानली होती. जिथं पाणी कमरेच्या वर गेलं होतं, ती घरं रिकामी करायची होती. त्यानं टेप लावली, आकडा लिहिला आणि म्हणाला, "आजी, अख्खी गल्ली उठणार. गावाबाहेर खोल्या मिळतील, ज्याला जिथं मिळेल तिथं."

काकूच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, रेघ खोटी आहे," ती म्हणाली.

सर्वेअर हसला. "घर सोडवत नाही, कळतं मला. पण हे पुस्तकात छापून आलंय."

"पुस्तकवाल्याला मीच सांगितलं ना, मेल्या! गुडघाभर होतं पाणी. गुडघाभर!"

दारात गल्ली जमली होती, सगळी वादळानंतर राहायला आलेली; कुणाचा विश्वास बसेना. चाळीस वर्षं थापा पचल्या आणि खरं मात्र कुणाच्या घशाखाली उतरेना. काकू रडकुंडीला आली. मला हसू येत होतं आणि तिची कीवही येत होती. ही खोली गेली तर ती झुरून जाईल, हे मला ठाऊक होतं.

धाकटी काकू पुढे आली. "गुडघाभरच होतं. मी होते ना."

"गप्प बस गं!" थोरली खेकसली. "तुला कुणी विचारलं?"

"आता नाही बसत गप्प, जाऊबाई." ती सर्वेअरकडे वळली. "मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. त्या दिवशी मी खाटेवर चढून किंचाळत होते. जाऊबाईंनी मला पाठीवर घेतलं आणि मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडलं. तांडेलाची बायको, अन् गुडघाभर पाण्यात पाठीवर! ह्यांना गोदीत तोंड दाखवायला जागा उरली असती का? म्हणून जाऊबाईंनी रेघच वर ओढली."

थोरली भिंतीकडे बघत राहिली. "पहिल्यांदा तिच्यासाठी," ती पुटपुटली. "पुढची माझी हौस."

कुणी हसलं नाही. सर्वेअर तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजी, सरळ उभ्या राहा," म्हणाला आणि टेपनं तिच्या गुडघ्याची उंची मोजून, आधीचा आकडा खोडून नवा लिहिला.

तो गेल्यावर काकू जावेवर भडकली. "चाळीस वर्षं तुझी झाकली मूठ सांभाळली. एका खोलीपायी चारचौघांत उघडलीस?"

"ज्यांच्यासाठी झाकली ते गेले," धाकटी म्हणाली. "मला तुमच्याच शेजारी राहायचंय."